जुळाऱ्याच्या सेहेचाळीस जोड्या

३ सप्टेंबर

ही डायरी सूनबाईने दिली. तिच्या संस्थेची आहे, गेल्या वर्षी उरलेली, त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे. तिचं म्हणणं असं की बाबा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा रोज दोन ओळी लिहा. भिंतीकडे मी बघत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात एका 'र'ची शेपटी तुटलेली आहे, ती बघतो. एकेचाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवल्या. अक्षर फुटलेलं दिसलं की नजर तिथे अडकते, त्याला मी काय करू? छापखाना बंद पडला, खिळे वितळवायला गेले, नजर तेवढी घरी घेऊन आलो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि सूनबाई. मुलाला जाऊन दोन वर्षं होतील. त्यावर लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही.

सूनबाई त्या संस्थेच्या संग्रहालयात, कीटक विभागात आहे. आज तीन डब्या घेऊन आली आणि म्हणाली, तुमचा चिमटा मला उधार द्या. चिमटा मी कुणाला देत नाही. म्हटलं, काम काय ते सांग, मी करतो.

६ सप्टेंबर

काम कळलं. गांधीलमाशीची एक जात असते, ती फक्त कोळी पकडते. सूनबाई तिला 'कोळीमार' म्हणते. कोळ्याला नांगी मारायची, ओढत बिळात न्यायचा, त्याच्या पोटावर एक अंडं घालायचं, दार बंद करून निघून जायचं. एका पोराला एक कोळी, हिशेब चोख. कुठली माशी कुठला कोळी धरते हे सूनबाईला शोधायचं आहे. म्हणून दोघांना एकत्र पकडून एका डबीत घालतात. माशी टाचणीवर, कोळी स्पिरिटच्या छोट्या कुपीत, आणि झाकणावर पेन्सिलने आकडा. तिच्या वहीत तोच आकडा, पुढे जागा आणि वेळ. नावंगावं नंतर, सगळी मिळाली की.

माशी टाचणीवर चढवताना सूनबाईच्या हातून पाय मोडतात. माझ्या हातून एकही मोडला नाही. तिने लांबी विचारली. मी छापखान्यातली पितळी पट्टी काढली आणि आमच्या टाइपाच्या मापात सांगितलं, छत्तीस पॉइंट. ती इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली की तसंच सांगत जा, मी मिलिमीटर करून घेईन. तिचं हे हसू दोन वर्षांनी ऐकलं. फार बरं वाटलं.

१० सप्टेंबर

नंबर सहा. माशी तीस पॉइंट, काळी, पंख तांबूस, मिशा मेल्यावरही कुरळ्या. कोळी अठ्ठेचाळीस, करडा, पाठीवर फिकट पट्टा. भिंगातून डोळे मोजले. आठ. खाली चार बारके एका ओळीत, वर दोन मोठे, त्यांच्या वर आणखी दोन. सूनबाई म्हणाली, हा जाळं न विणता जमिनीवर पळत शिकार करणारा. डोळे कसे बसवलेत त्यावरून कोळ्याचं घराणं कळतं. म्हणजे हीसुद्धा जुळणीच. हे मला पटलं.

नंबर सात. माशी चोवीस, निळसर, कोट घातलेल्या हेडक्लार्कसारखी. कोळी अठरा, समोर दोन मोठे डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे. हा उड्या मारतो म्हणे. याचा एकही पाय शिल्लक नाही. माशीने तोडले. तिची घरं मातीची, पिंपाच्या आकाराची आणि अरुंद असतात, कोळी आत मावावा म्हणून पाय काढून टाकते. ओळीत न मावणारा शब्द आम्हीही मोडायचो, पण एवढ्या निर्दयपणे नाही.

सूनबाई वहीत 'कोळी'ला पहिली वेलांटी देते. दोनदा सांगितलं. डॉक्टरेट झालेल्या बाईला किती वेळा सांगायचं?

१३ सप्टेंबर

नंबर नऊचा कोळी परवापासून डबीत पडून होता, कुपीत घालायचा राहिला होता. मेलेला समजून चिमट्याने उचलला तर त्याने पुढचा एक पाय हलवला. अगदी सावकाश. मी चिमटा टाकून उभा राहिलो.

सूनबाईने सांगितलं की हे सगळे कोळी मेलेले नसतातच. माशी मारत नाही, फक्त बधिर करते, पोराला ताजं खाणं मिळावं म्हणून. दिवसेंदिवस तसाच पडून राहतो. आत सगळं चालू असतं, हलता मात्र येत नाही. मी विचारलं, त्याला कळत असेल का? तिने माझा चिमटा जमिनीवरून उचलला. मग म्हणाली, माहीत नाही बाबा, आणि कुपी स्वतः भरली.

मुलगा गेला त्यानंतरचे पहिले सहा महिने माझे असेच गेले. सूनबाई दोन वेळचं ताट समोर ठेवायची आणि मी जेवायचो. तिचं काय चाललं होतं ते एकदाही विचारलं नाही. नवरा तिचाही गेला होता. हे आज लिहितोय, तेव्हाच सुचायला हवं होतं.

२१ सप्टेंबर

सुट्टी असूनही सूनबाईबरोबर तिच्या संस्थेच्या आवारात गेलो. पाण्याच्या टाकीमागे मोकळी जमीन आहे, तिथे दोन तास उकिडवे बसलो. माझे गुडघे बोलायला लागले, पण माशी दिसली. सारखी पंख झटकत, धावत, मिशा आपटत जमीन हुंगत होती. मग दगडामागून कोळी ओढत आली. स्वतः उलटी चालत. तिच्याहून कोळी दुप्पट जड. वाटेत त्याला एका काडीवर ठेवून बिळाचं दार मापून आली, परत येऊन पुन्हा ओढायला लागली.

मी म्हटलं, बघ, आई झाली की बाई काय काय करते, सगळं पोटच्या पोरासाठी, आणि पोराचं तोंडही बघायला मिळणार नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, माशीला माशीच राहू द्या." आणि जाळी टाकून दोघांना धरलं.

नंबर सतरा. माशी चाळीस, काळी, पोटावर दोन पिवळे पट्टे. कोळी साठ, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले.

५ ऑक्टोबर

सूनबाईला हल्ली माझं काहीच पसंत पडत नाही. आज कुकर लावायला शिकवला. माप किती, पाणी किती, शिट्ट्या किती, गॅस कधी बारीक. मग माझ्याकडून करून घेतलं, जसं काही मी पहिलीतला मुलगा. फोनशेजारच्या भिंतीवर डॉक्टरचा, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आणि दुकानाचा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवला. औषधांच्या बाटल्यांना 'सकाळ', 'संध्याकाळ' अशा चिठ्ठ्या लावल्या. 'संध्याकाळ'मध्ये अनुस्वार विसरली.

कंटाळली असेल बिचारी. म्हाताऱ्याचं किती करायचं? पण तोंडावर सांगायला काय हरकत होती? मला राग आला होता आणि कुकर करपला.

१४ ऑक्टोबर

दुपारी संस्थेचा माळी आला. वाफे खणताना चार माश्या आपापल्या कोळ्यांसकट सापडल्या, बाई मीटिंगमध्ये आहेत, तुमच्याकडे देऊन या म्हणाल्या. त्याबरोबर बाईंचं टपाल. पाकीट ऑफिसात फोडलेलं होतं, कागद अर्धा बाहेर. मी वाचला. वाचायला नको होता, पण छापील कागद हातात आला आणि न वाचता ठेवला असं आयुष्यात घडलेलं नाही.

दूरच्या गावच्या मोठ्या संग्रहालयात तिची नेमणूक होते आहे. दोन वर्षांसाठी. अट अशी की कोळीमार माश्यांचा संग्रह, प्रत्येक माशी तिच्या कोळ्यासह, पंधरा नोव्हेंबरपर्यंत त्यांच्याकडे पोचायला हवा. इथून तिथे जायला एक दिवस आणि एक रात्र लागते.

म्हणजे तिने अर्ज केला होता. मला न सांगता. कागद पाकिटात नीट घालून तिच्या टेबलावर ठेवला आणि कामाला बसलो, कारण माश्यांनी काय पाप केलंय?

चाळीस: माशी चोवीस, काळी, डाव्या पंखाला कडेशी खाच. कोळी तीस, चपटा, खेकड्यासारखा. एकेचाळीस: माशी तशीच चोवीस, काळी, पंख शाबूत. कोळी जाडजूड, काळपट, बेचाळीस, जबडे कात्रीसारखे मिटत नाहीत, कुदळीसारखे वरून खाली येतात. असा अजून एकही आला नव्हता. बेचाळीस: माशी तीस, तांबड्या पायांची. कोळी करडा, छत्तीस, डावीकडचे दोन पाय नाहीत. त्रेचाळीस: माशी छत्तीस, निळी. कोळी करडा, छत्तीस, पाय सगळे आहेत.

झालं काम. आता खरं लिहितो. ती जाऊ नये. हा संग्रह पुरा होऊ नये, त्यांनी तिला नाही म्हणावं, ती हिरमुसून का होईना इथेच राहावी. मुलगा माझ्या हातात नव्हता. ही तरी राहू दे. असला विचार करणारा माणूस बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, पण विचार आला तो आला.

१९ ऑक्टोबर

सूनबाई पत्राबद्दल अवाक्षर बोलत नाही. मीही विचारत नाही. कुकरची शिकवणी मात्र बंद झाली. मी आपण होऊन म्हटलं, आज मी लावू का? तर म्हणाली, राहू द्या, मी आहे ना. माझ्या हातून काही व्हायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतं.

२८ ऑक्टोबर

काल सेहेचाळीस जोड्या पूर्ण झाल्या. सूनबाईने वही मिटली, आळस दिला आणि म्हणाली की झाली नोंद सगळ्यांची, सुटले एकदाची. आज पहाटे तिच्या विभागाच्या मोठ्या बाईंबरोबर दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेली.

नोंद झाली म्हणजे फर्मा, जुळवलेल्या खिळ्यांचा अख्खा साचा, छापून झाला. छापलेला फर्मा तसाच ठेवला तर छापखान्यात उभं राहायला जागा उरणार नाही. तो सोडायचा, खिळे आपापल्या खणात परत घालायचे, म्हणजे पुढच्या कामाला मोकळे. सकाळी आठला बसलो, दुपारी चारला उठलो. सगळ्या माश्या मोठ्या पेटीत, रंगाप्रमाणे आणि लहानापासून मोठीपर्यंत ओळीत. कोळ्यांच्या कुप्या वेगळ्या फळीवर, मापाप्रमाणे. सेहेचाळीस डब्या पुसून, झाकणांवरचे आकडे रबराने खोडून, कोऱ्या. काय सुरेख दिसतंय सगळं. सूनबाई आली की बघतच राहील.

३० ऑक्टोबर

बघतच राहिली.

मी हौसेने पेटीचं झाकण उघडून दाखवलं. ती माश्यांकडे बघायची, कुप्यांकडे बघायची, पुन्हा माश्यांकडे. मग विचारलं, "बाबा, आकडे कुठे गेले?" मी म्हटलं, पुसले की. ती जिथे उभी होती तिथेच जमिनीवर बसली.

तेव्हा मला कळलं. तिच्या वहीत नुसती जागा आणि वेळ. कुठली माशी, कुठला कोळी, हे फक्त डबी एक होती म्हणून ठरत होतं. जोडी हाच मजकूर होता आणि मी मजकूरच सोडून टाकला. लोकांचे शब्द जुळवून जन्म काढला आणि घरात बसून सेहेचाळीस जोड्या मोडल्या.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, कुपीत आत चिठ्ठी टाकायची मीच आळस केला, चूक माझीही आहे. आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

३१ ऑक्टोबर

मी ते मुद्दाम तर केलं नाही ना?

फर्मा सोडायची सवय आहे, हे खरं. पण काम संपल्याचं मालकाला विचारल्याशिवाय मी कधी एक फर्मा सोडला नव्हता. एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही. या वेळी का नाही विचारलं? ती बाहेरगावी होती म्हणून? की मनात जे लिहून ठेवलं होतं ते हातांनी वाचलं? ठरवता येत नाही. दिवसभर हात धुतोय.

२ नोव्हेंबर

आज डायरी चाळत होतो आणि एकदम उठून उभा राहिलो. यात सगळं आहे. सगळं नाही, पण पुष्कळ आहे. रोजच्या माश्या, पॉइंट, खाचा, गेलेले पाय. सूनबाईला हाक मारली आणि म्हटलं, मी वाचून दाखवतो, तू शोध.

डायरी हातात मात्र दिली नाही. तिने हात पुढे केला होता. म्हटलं, माझं अक्षर तुला लागायचं नाही. जुळाऱ्याचं अक्षर लागत नाही म्हणे! तिच्या भुवया वर गेल्या.

मुलाबद्दलचं, तिच्याबद्दलचं, कुकरबद्दलचं, सगळं गाळून वाचतो. मध्ये खोकतो, पाणी पितो. तिने विचारलं, एका माशीनंतर दुसरी यायला एवढा वेळ का लागतो? म्हटलं, शाई पसरलीय. बहुधा पटलं तिला.

५ नोव्हेंबर

बावीस जोड्या लागल्या. सूनबाईने संस्थेतून सूक्ष्मदर्शक आणलाय. मी "माशी तीस, पंख तांबूस" म्हणायचं, ती पितळी पट्टी लावून पेटीतली माशी काढते, मग कोळी. मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर निघतायत. तसं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, पॉइंट म्हणजे पॉइंट.

काही ठिकाणी मी नुसतंच 'आज दोन आल्या' असं लिहिलंय. तिथे ती मान वाकवून शोधते. एका कोळ्याच्या पायाला टाकीमागची लाल माती निघाली, तीच माती एका माशीच्या जबड्यात. ती इतक्या आनंदाने माझ्याकडे वळली की मलाच चोरट्यासारखं झालं. मी या मुलीचं वाटोळं व्हावं असं लिहून ठेवलंय आणि ते माझ्या मांडीवर आहे.

९ नोव्हेंबर

बेचाळीस लागल्या. उरल्या चार माश्या आणि चार कोळी. सगळे चौदा ऑक्टोबरचे, माळ्याने घरी आणून दिलेले. सूनबाईने ते तेव्हा धड पाहिलेही नव्हते. त्यांत तो कुदळीसारख्या जबड्यांचा कोळी आहे. सूनबाई म्हणाली, हा बिळाला झाकण करून आत राहतो, याला ओढून काढणारी माशी मी अजून पाहिलेली नाही. दोन काळ्या माश्या सारख्या दिसतात, त्यांतली याची कुठली हे कळायलाच हवं. अंदाजाने लावलं तर ते खोटं होईल.

तिने विचारलं, चौदा तारखेला काय लिहिलंय? मी म्हटलं, त्या दिवशी बरं नव्हतं, काही लिहिलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ठीक आहे, बेचाळीस तर बेचाळीस. आणि दिवा बंद करून उठली.

चार जोड्या कागदावर उतरवून देता आल्या असत्या. तेव्हापासून तेच घोकतोय. पण मग ती विचारणार, कालपर्यंत नव्हत्या, आज कुठून आल्या? आणखी एक थाप. महिनाभरात मी तिला एक खरी गोष्ट सांगितलेली नाही आणि तिनेही मला नाही.

१० नोव्हेंबर, सकाळी

चौदा ऑक्टोबरचं पान उघडून, वर चष्म्याचं घर ठेवून डायरी तिच्या टेबलावर ठेवतो आणि फिरायला जातो. माझ्यात फाडायचीही हिंमत नाही आणि वाचून दाखवायचीही नाही. एवढीच आहे.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी

तळ्याला चार फेऱ्या मारल्या. परत आलो तर सूनबाई सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. चारही जोड्या चार डब्यांत, झाकणांवर आकडे. डावीकडे खाचवाली माशी चपट्या कोळ्याबरोबर. डायरी मिटलेली. मी बूट काढत दारातच बसून राहिलो.

ती म्हणाली, "वाचलं मी."

मी म्हटलं, हो.

"मी नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. तीन आठवडे झाले. पाठवलेलं नाही, फाडलेलंही नाही. तुम्ही काही मागितलं नव्हतं, मीच ठरवून टाकलं की तुम्हाला सोडून जायचं नाही. आणि मग रोज मनातल्या मनात तुमच्यावर चिडत होते."

म्हणजे शिकवणी का बंद झाली ते मला आज, बूट हातात धरून कळलं. मी म्हटलं की ते पान लिहिणाऱ्या माणसासाठी कुणी राहू नये. राहणाऱ्याचं वाटोळं व्हावं असं जो म्हणतो त्याच्यासाठी तर नाहीच. डब्याही मी जाणूनबुजून मोडल्या नसतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. हेही सांगून टाकलं. आवाज फुटला माझा, फुटू दिला.

ती उठून माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. "पान वाचलं तसं ते कुणी उघडून ठेवलं तेही पाहिलं," ती म्हणाली. "मला जायचंय, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटणार आहे. वाटू दे. फक्त लपवायचं नाही आता."

मग आम्ही दोघं रडलो. मुलगा गेल्यापासून एकत्र रडलोच नव्हतो, दोघंही एकमेकांना जपत होतो. मध्येच ती नाक पुसत म्हणाली, चौदा तारखेच्या पानावर शुद्धलेखनाची एकही चूक नाही, एवढा जीव घाबरला असताना. मी म्हटलं, घाबरण्याचा आणि वेलांटीचा काय संबंध?

१४ नोव्हेंबर

संग्रह गेला. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. या वेळी प्रत्येक कुपीत आत चिठ्ठी आहे आणि प्रत्येक टाचणीला खाली चिठ्ठी आहे. ब्याण्णव चिठ्ठ्या, बारीक अक्षरात, माझ्या हाताच्या.

कुकरची शिकवणी पुन्हा सुरू.

२६ नोव्हेंबर

सूनबाई गेली. सामान फार नव्हतं, दोन बॅगा आणि जाळी. गाडी सुटेपर्यंत आम्ही पाण्याची बाटली कुठे ठेवली यावर वाद घातला. घरी येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजताना मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं, भात शिजून पार गोळा झाला. तरी जेवलो. फार सुनं वाटतंय, आणि हे तिला पत्रात लिहिणार आहे.

११ डिसेंबर

पत्र आलं, बरोबर जाडजूड पाकीट. तिकडचं संग्रहालय तिच्या संग्रहाची लहानशी पुस्तिका छापतंय, त्याची प्रुफं आहेत. सूनबाईने लिहिलंय, इथल्या प्रूफ तपासणाऱ्यावर माझा विश्वास नाही, तुम्ही तपासा. दोन वर्षांनी लाल पेन हातात घेतला. 'कोळी' एकूण एकशे बारा वेळा आलाय, नव्वद वेळा पहिली वेलांटी. कपाळावर हात मारला आणि आनंदाने कामाला बसलो.

शेवटच्या पानावर तळटीप आहे. 'संग्रहातील जोड्या एकदा विलग झाल्या होत्या. त्या माझ्या वडिलांच्या दैनंदिनीतील मापे व वर्णने यांवरून पुन्हा जुळवल्या आहेत.'

चूक आहे. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. शास्त्राच्या पुस्तकात नातं चुकीचं छापून चालणार नाही, कुणी विचारलं तर तिलाच ओशाळं व्हावं लागेल. 'वडिलांच्या' खोडून समासात 'सासऱ्यांच्या' लिहिलं. नीट वाचता येईल असं. पाकीट बंद करून लगेच टपालात टाकलं, उशीर नको.

२७ डिसेंबर

दुसरं प्रूफ आलं. सगळ्या दुरुस्त्या केल्यात, कोळ्याच्या नव्वदही वेलांट्या. शेवटचं पान उघडलं. पहिल्या प्रुफाचा माझा लाल खुणांचा कागद तिने परत जोडलाय. मी खोडलेल्या 'वडिलांच्या' या शब्दाखाली तिने निळ्या शाईने टिंबांची ओळ दिलीय, आणि समासातला माझा शब्द काटून शेजारी लिहिलंय, 'तसेच ठेवा.'

ही खूण तिला कुणी शिकवली कोण जाणे. मी तरी नाही. लेखकाची ही खूण आली की जुळाऱ्याने हरकत घ्यायची नसते, शब्द होता तसा बसवायचा असतो. एकेचाळीस वर्षं मी हे पाळलं. बराच वेळ ते पान डोळ्यांपुढे दिसत नव्हतं, चष्मा दोनदा पुसला. मग खाली सही केली, 'तपासले, छापावे' असं लिहिलं आणि पाकीट टपालात टाकायला बाहेर पडलो.